मदत हवी आहे: झोपवून ठेवलेल्या माणसाचा ईसीजी कसा वाचायचा?
नमस्कार मंडळी. डोक्याकडची बाजू ६ अंश खाली ठेवलेल्या पलंगावर माणसांना आठवडेच्या आठवडे झोपवून वजनरहित अवस्थेची नक्कल करतात, त्यातल्या ईसीजीवर माझा सेमिनार आहे. पायांकडचं रक्त छातीकडे सरकतं, मग लघवीवाटे पाणी जाऊन प्लाझ्मा घटतो, पुढे नाडी वाढते, इथवर कळलं. घोडं अडलंय ते क्यूटीपाशी, म्हणजे ईसीजीवर क्यू लहरीच्या सुरुवातीपासून टी लहरीच्या शेवटापर्यंत जो वेळ मोजतात त्यापाशी. समजा क्यूटी ३६० मिलिसेकंद आणि ठोके ९०. नाडीच्या वेगानुसार क्यूटी दुरुस्त करायची दोन सूत्रं आहेत: बॅझेटच्या सूत्राने ४४१ येतात, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४१२! मग क्यूटी खरंच लांबला, की वाढलेल्या नाडीने बॅझेटला चकवलं? शिवाय टी लहरीची (ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विद्युतदृष्ट्या पूर्वपदावर येतानाची लहर) उंची बदलली, तर ती हृदयाच्या पेशींमुळे की छातीत हृदयाची जागाच जरा हलल्यामुळे? (सरांना विचारलं, तर म्हणे "तूच शोध".) हे दोन्ही वेगळं कसं काढायचं, कुणी सांगेल का?