ड्रग कोर्ट नाही, पण कलम ६४अ आहे
काही जण म्हणतात की अमेरिकेतल्या मायामीत १९८९ पासून आहे तसं ड्रग कोर्ट (व्यसनी आरोपीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली उपचारांना पाठवणारं कोर्ट) आपल्याकडे नाही, म्हणजे व्यसनी माणसाला थेट तुरुंग. अगदीच तसं नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (हेरॉइन ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत) आरोप असलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. गोम अशी, की उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. शिवाय केंद्र सरकारी वा सरकारमान्यच लागतं, त्यामुळे भरती करण्याआधी त्याची मान्यता तपासा; घाईत नातेवाईक नेमकं हेच विसरतात. दोषी ठरल्यावर कलम ३९ आहे: आरोपीच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारांसाठी सुटका आणि जास्तीत जास्त वर्षभरात कोर्टाला अहवाल. मायामीच्या पद्धतीत न्यायाधीश लघवीच्या चाचणीचे निकाल समोर ठेवून वरचेवर झाडाझडती घेतो. ही मधली देखरेख मात्र आपल्या कलमांत नाही.