मदत हवी आहे : नेरळ–माथेरान गाडी पुन्हा सुरू झाली, एका दिवसात जाऊन येणं जमेल का?

पावसाळ्यानंतर टॉय ट्रेनचा नेरळ ते माथेरान पूर्ण मार्ग पुन्हा सुरू झालाय. डिसेंबरात एक दिवस काढून जायचा विचार आहे. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतली आई. आईचे गुडघे दुखतात, पण सपाटीवर एक-दीड किलोमीटर सावकाश चालते. डोंबिवलीहून निघणार, मुक्काम नाही. माथेरान पाहणं दुय्यम, गाडीत बसणं मुख्य.

तिकीट आधी काढता येतं का? जाताना-येताना दोन्ही वेळा गाडीनेच जावं का? आणि तिकीट मिळालंच नाही तर काय?

प्रतिसाद १

आधी एक खात्री करा. नेरळ–माथेरान पूर्ण गाडी आणि अमन लॉज–माथेरान शटल (वरच्या शेवटच्या टप्प्यातली छोटी फेरी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शटल पावसाळ्यातही चालते, आणि ‘माथेरानची राणी सुरू’ अशी बातमी बरेचदा नुसत्या शटलची असते. पूर्ण गाडी जूनच्या मध्यावर बंद होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात घाटाची तपासणी झाल्यावर सुरू होते. २०१९च्या पावसात मार्ग जागोजागी खचला, तेव्हा वरचं शटल त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झालं, पूर्ण मार्गाला मात्र २२ ऑक्टोबर २०२२ उजाडला.

तिकिटाचं म्हणाल तर ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका. नेरळला टॉय ट्रेनच्या खिडकीवर त्या दिवसाचं तिकीट, आधी येईल त्याला आधी. लोकलचा पास या गाडीला चालत नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

प्रतिसाद २

गेल्या काही हंगामांच्या वेळा अशा आहेत. निघण्याआधी यंदाचं पत्रक मध्य रेल्वेच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

नेरळहून ८.५० (माथेरान ११.३०) आणि १०.२५ (माथेरान १.०५).
माथेरानहून २.४५ (नेरळ ५.३०) आणि ४.०० (नेरळ ६.४०).

एका बाजूला दोन तास चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. दोन्ही वेळा गाडीनेच गेलात तर सव्वापाच तासांहून जास्त वेळ डब्यात जातो. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची धरली तरी वर जेमतेम साडेचार तास उरतात. मोठ्यांना चालेल, पण सहा वर्षांचं मूल परतीच्या दुसऱ्या तासाला कंटाळून रडकुंडीला येतं. त्यात डब्यात शौचालय नाही. म्हणून माझं मत : जाताना गाडी, येताना शटलने अमन लॉज आणि तिथून टॅक्सी. वर चढताना इंजिनाचा जोर लागतो तो ऐकू येतो, उजेड पूर्ण असतो, आणि मंडळी ताजी असतात.

मार्ग २१ किलोमीटरच्या आसपास आणि रूळ फक्त दोन फुटी. चढ वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. साध्या रुळांना हा चढ फार आहे. याहून तीव्र चढ नको म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत नेलेत. मोटारीचा घाटरस्ता याच्या निम्म्याहून कमी लांबीचा आहे. हे ठाऊक असलं की ‘एवढी हळू का’ हा प्रश्न पडत नाही.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत, एक भर घालतो. उतरताना गाडीनेच यायचं ठरलं तर २.४५ची घ्या. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. ४ची गाडी जुम्मापट्टी स्थानकाच्या खाली येते तेव्हा अंधार पडू लागलेला असतो. फोटोही नाहीत, दरीही नाही.

डावी खिडकी की उजवी, यावर वाद घालू नका. वळणं इतकी उलटसुलट आहेत की दरी कधी या बाजूला, कधी त्या.

प्रतिसाद ४

डोंबिवलीहून कर्जत किंवा खोपोली लोकलच हवी. बदलापूर लोकल उपयोगाची नाही, ती बदलापूरलाच थांबते. नेरळ त्यापुढचं तिसरं स्थानक (वांगणी, शेलू, नेरळ). सातच्या आसपास नेरळला पोचेल अशी लोकल धरा. शनिवार-रविवार असेल तर त्याहून आधीची. कर्जत लोकल कमी असतात. एक चुकली की पुढचीपर्यंत रांग वाढलेली असते. परतीचं लोकलचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.

पुण्याहून येणाऱ्यांनी पहाटेच्या एक्स्प्रेसने कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल घ्यावी. भिवपुरी रोड, मग नेरळ.

तारखेचं : मंगळवार ते गुरुवार उत्तम. नाताळचा आठवडा पूर्ण टाळा. रविवारी निघालात तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं पत्रक वाचा.

धागाकर्ता

खूप मदत झाली. तिकीट मिळालं नाही तर काय करायचं? आणि आईला वर किती चालावं लागेल?

प्रतिसाद २

ठरवून टाका : ८.५०चं तिकीट हुकलं तर १०.२५साठी रांगेत थांबायचं की नाही. माझ्या मते थांबू नका. ती गाडी एकला पोचते, जेवण झालं की परतीची घाई. त्यापेक्षा बेत उलटा करा. नेरळ स्थानकाबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर जा (मोटारी तिथपर्यंतच जातात), वीस-पंचवीस मिनिटं. टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही, पण तुम्ही चौघं आहात, फार खोळंबा होणार नाही. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर रोख भरायचा. अमन लॉज स्थानक तिथेच आहे. तिथून शटलने माथेरान, वीसेक मिनिटं. मग २.४५ला उतरताना पूर्ण गाडी. गाडीची हौसही फिटते, दिवसही वाया जात नाही.

हे जमायचं तर माथेरान स्थानकात पाय ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे परतीच्या तिकिटाची खिडकी कधी उघडते ते विचारणं. जेवायला नंतर जा. उतरतीच्या गाडीचेही डबे मोजकेच असतात, आणि मुक्काम संपवून परतणारे रांगेत असतातच.

चालण्याबद्दल : माथेरान स्थानक बाजारातच आहे, त्यामुळे गाडीने गेलात तर आईंना चढ चढावा लागत नाही. टॅक्सीने जाऊन शटल हुकलं तर मात्र नाक्यापासून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीची वाट आहे. ती त्यांनी चालू नये. ई-रिक्षा आहेत, पण मोजक्याच, त्यांच्यावर बेत बांधू नका. घोड्यावर बसवायचा विचार असेल तर गुडघेदुखीवाल्यांना चढण्या-उतरण्याचाच त्रास जास्त होतो.

वेळ उरला तर खंडाळा पॉइंट बाजारापासून जवळ आहे. शार्लोट तलाव दोनेक किलोमीटरवर, म्हणजे आईंच्या आवाक्याबाहेर. दोघांपैकी एकाने मुलीला घेऊन जावं. पॅनोरामा पॉइंट या बेतात बसत नाही.

प्रतिसाद ५

बारीकसारीक गोष्टी. खाऊ पिशवीत बंद ठेवा, खिडकीत धरू नका. वाटेतल्या वॉटर पाइप स्थानकात गाडी थांबली की माकडं खिडकीशी येतात आणि मुलांच्या हातातलं थेट ओढतात. पांढरे बूट नकोत, इथली माती धुऊनही जात नाही. घाट लागणाऱ्याला गाडीपेक्षा टॅक्सी जास्त बाधते, तेव्हा परतीला टॅक्सी असेल तर पोटभर जेवून लगेच बसू नका.

धागाकर्ता

व्हिस्टाडोम (काचेच्या छपराच्या) डब्याचं काय? आणि गाडी मध्येच अडली तर?

प्रतिसाद ३

व्हिस्टाडोम डबा सगळ्या फेऱ्यांना नसतो. कोणत्या फेरीला आहे ते यंदाच्या पत्रकात बघा. भाडं सेकंड क्लासच्या कितीतरी पट, जागा थोड्या. काचेचं छप्पर छान दिसतं, पण उघडी खिडकी सेकंड क्लासचीच खरी मजा. मुलीला तिथे बसवा, फक्त हात बाहेर काढू देऊ नका, कडा आणि झाडं हाताच्या अंतरावरून जातात.

अडण्याबद्दल : मार्ग नुकताच उघडला असेल तर काही ठिकाणी वेगमर्यादा असते, कारण नव्याने भरलेली खडी अजून बसलेली नसते. अर्धा तास उशीर गृहीत धरूनच पुढची लोकल ठरवा. घाटात दरड आली किंवा इंजिन बिघडलं तर फेरी रद्द होते आणि बऱ्याच ठिकाणी जवळ मोटाररस्ता नसतो. म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या, आईंची दुपारची औषधं आणि मुलीसाठी स्वेटर डब्यातल्या पिशवीत असू द्या. निघायच्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहण्याआधी खिडकीवर एकदा विचारा, ‘आज गाडी आहे ना?’ नाही म्हणाले तर टॅक्सी आणि शटल हा वरचा बेत आहेच.