गडकरींची सर्वात मोठी कामगिरी दिल्लीतली की युतीच्या काळातली?

वऱ्हाडी पाटील: माझ्या मते युतीच्या काळातली. 2014 पासून ते दिल्लीत रस्ते खातं सांभाळतायत, पण तिथे यंत्रणा तयार होती. 1989 मध्ये नागपूर पदवीधरमधून विधान परिषदेवर गेलेले गडकरी 1995-99 च्या सरकारात बांधकाम मंत्री झाले, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. 1996 मध्ये रस्ते विकास महामंडळ निघालं, रोखे विकून पैसा उभारला. रिलायन्सची 3600 कोटींची निविदा नाकारून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे निम्म्याहून कमी खर्चात झाला. असा निर्णय घ्यायला छाती लागते.

घाटवाट: सहमत. जुन्या हायवेला खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक बंद पडला की संपलंच. घरी पोचायची वेळ कुणी सांगूच शकत नसे.

लोकलवाली: एक्स्प्रेसवेचं श्रेय त्यांचंच. पण मुंबईतल्या 55 उड्डाणपुलांच्या योजनेचं काय? पुलावर बस थांबा नसतो. माणसं चौकात चढतात-उतरतात, त्यामुळे बेस्टची बस खालच्या सिग्नललाच अडकते आणि वरून गाड्या सुसाट. बहुतांश मुंबईकर लोकलने, बसने आणि पायी फिरतात, त्यांच्या वाट्याला काय आलं? वसुलीसाठी वेशीवर पाच टोलनाके बसले, लहान गाड्यांची त्यातून सुटका झाली ती थेट ऑक्टोबर 2024 मध्ये.

वऱ्हाडी पाटील: ताई, लोकल केंद्राची. राज्याचा बांधकाम मंत्री रस्ते आणि पूलच बांधणार ना?

लोकलवाली: दादा, 1999 मध्ये राज्य आणि रेल्वेने मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढलंच की. म्हणजे राज्याला लोकलसाठी पैसा घालता येत होता. आधी कुणासाठी बांधायचं, हे त्या सरकारने ठरवलं, आणि गाडीवाल्यांना पुढे ठेवलं.

पांढरा पट्टा: दोघांचंही एक राहिलं. 2022 मध्ये देशात रस्ता अपघातांत 1,68,491 माणसं गेली. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत गडकरींनीच मान्य केलं की अपघात कमी झाले नाहीत, उलट वाढले. कबुलीबद्दल आदर आहे. पण दहा वर्षं खातं एकाच माणसाकडे असताना हा आकडा बाजूला ठेवून कामगिरी मोजायची कशी?

घाटवाट: सगळं त्यांच्या माथी कसं मारता? परवाने आरटीओ देतं, वेग पोलीस तपासतात, दोन्ही राज्यांकडे.

पांढरा पट्टा: वळणाचा उतार, दुभाजकाचा कठडा, गावाजवळचा भुयारी मार्ग, हे राष्ट्रीय महामार्गावर त्यांच्याच खात्याकडे आहे. मी तेवढ्याचाच हिशोब मागतोय.