मानेच्या गाठीला सुई लावावी की नाही?

माळरान: ‘गाठीला सुई टोचली की कर्करोग चवताळतो, म्हणून थेट कापूनच टाका’ हा सल्ला काल येथे दिला गेला आणि अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितो. एफएनएसीची, म्हणजे गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याची सुई साधारण २३ ते २५ गेजची, बारीक असते आणि तिच्या वाटेने रोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. उलट, तोंडाचा वा घशाचा कर्करोग मानेत उतरलेला असताना ती गाठ शहानिशा न करता कापली, तर पुढची मोठी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन यांनी १९३० मध्येच सुईच्या तपासणीवर लिहिले होते. हे कालपरवाचे खूळ नव्हे.

रातराणी: सल्ला माझाच होता. माझ्या जावेच्या थायरॉईडच्या गाठीचा पहिला अहवाल ‘नमुना अपुरा’, दुसरा ‘फॉलिक्युलर, निश्चित सांगता येत नाही’, म्हणजे ग्रंथीतल्या पुटिकांच्या पेशींची गाठ, पण साधी की कर्करोगाची ते कळेना. अखेर अर्धी ग्रंथी काढावीच लागली. मग हा खटाटोप कशासाठी?

माळरान: फॉलिक्युलर गाठीत पेशींनी गाठीचे आवरण भेदले आहे का, यावर कर्करोगाचे निदान ठरते. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. ही तपासणीची मर्यादा आहे, कोणाची लबाडी नव्हे.

गारगोटी: मर्यादांचे राहू द्या, सुई न लावताच क्षयाच्या गोळ्या सुरू करणाऱ्यांचे काय? माझ्या भाच्याला ‘आपल्याकडे गाठ म्हणजे टीबीच’ असे सांगून औषधे दिली. लघवी नारिंगी झाली, गाठी मात्र तशाच राहिल्या, आणि शेवटी लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला.

ओसरी: चीड समजते, परंतु गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय, आपल्याकडे खरोखरच सर्रास आढळते, त्यामुळे प्रत्येक डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका.

गारगोटी: वकिली पुरे! सुईने ओढलेला द्राव सीबीनॅटला, म्हणजे जंतूंची जनुके शोधणाऱ्या तपासणीला पाठवला असता, तर क्षयाचे जंतू सापडतात का आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचे प्रमुख औषध त्यांच्यावर चालेल का, हे काही तासांत कळले असते. अंदाजाने महिनोन्‌महिने गोळ्या चारणे हा उपचार नव्हे.

ओसरी: सीबीनॅटचे मान्य, मात्र त्यात जंतू सापडले नाहीत, म्हणून क्षय नाहीच असे ठरत नाही, एवढे तरी ऐकून घ्या.

रातराणी: आणि लिम्फोमाच्या पक्क्या निदानाला बहुधा अख्खी गाठच काढावी लागते ना? म्हणजे कापण्यावाचून गत्यंतर नाही, हे सिद्ध केल्याबद्दल आभार.

माळरान: काढावी लागते, परंतु लिम्फोमाचा संशय सुईने आधी आला, तर गाठ पूर्ण काढून योग्य तपासण्यांना धाडता येते. आंधळेपणाने कापणे निराळे.

रातराणी: बरे, सुईने रोग पसरत नाही असे तुमच्या समाधानासाठी धरून चालू. पण जावेला दोन्ही वेळा नुसते बोटाने चाचपून टोचले. सोनोग्राफीत पाहून सुई घालायला आणि काचपट्टीवर पुरेशा पेशी आल्या का, हे तिथल्या तिथे तपासायला काय हरकत होती?

माळरान: काहीच नव्हती.