स्वस्त लेझर स्कॅनरची ०.०५ मिमी अचूकता कितपत धरायची?

कुपवाड_फाउंड्री:
बिडाच्या पंप केसिंगचं ड्रॉइंग हरवलंय. लांबी ३०० मिमी, बेअरिंगचं बोअर (ते बसतं ते गोल भोक) ४७. हातात धरायच्या स्कॅनरच्या माहितीपत्रकात ०.०५ लिहिलंय. त्यावर पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) आणि मशिनिंग दोन्ही भागेल का?

सातारा_क्यूसी:
पॅटर्नचं भागेल, बोअरचं नाही. ४७ एच७ ला (एच७ हा भोकाच्या मापाचा प्रमाणित वर्ग) टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, २५ मायक्रॉन, म्हणजे ०.०२५ मिमी. तिथे बोअर गेजच लावा. शिवाय ०.०५ हा आकडा बहुधा एका फ्रेमचा, म्हणजे स्कॅनरने एका वेळी टिपलेल्या तुकड्याचा असतो. फ्रेमला फ्रेम जोडत गेलं की चूक साठत जाते, म्हणून ‘प्रति मीटर’चा आकडा विचारा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर काय ते समजा. रिझोल्यूशन (किती बारीक तपशील दिसतो) वेगळं, अचूकता (माप खऱ्याच्या किती जवळ) वेगळी. विकणारे दोन्हींची खिचडी करतात.

मिरज_टूलरूम:
डेमोलाच तपासा. जाड लोखंडी पट्टीवर बेअरिंगचे दोन छर्रे २५० मिमीवर पक्के चिकटवायचे, केंद्रांतलं अंतर सीएमएमवर (अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर) काढायचं, मग पट्टी आडवी, उभी, तिरकी स्कॅन करायची. छर्रे चकाकतात, मॅट स्प्रे मारावा लागेल. हात हलका ठेवा, जाड थर मापातच धरला जातो. मार्कर (स्कॅनरला जागा ओळखायला चिकटवायचे ठिपके) प्रत्येक फ्रेममध्ये चार तरी दिसावेत, एका ओळीत नकोत. एसीतून पत्र्याच्या शेडमध्ये आणलेला स्कॅनर तापमानाला स्थिरावू द्या, मगच कॅलिब्रेशन प्लेटवर (ठरलेल्या मापाच्या पाटीवर) तो जुळवून घ्या.

सातारा_क्यूसी:
आणि स्कॅन तयार कास्टिंगचा आहे, हे विसरू नका. ओतल्यावर थंड होताना बीड साधारण १ टक्का आकसतं, म्हणजे ३०० ला ३ मिमी; पॅटर्न तेवढा मोठा हवा. वर मशिनिंग अलाउन्स (कापून काढायला ठेवलेली जादा जाडी) वेगळा.