नववी-दहावीचे खेळ आणि चित्रकलेचे तास गणिताला द्यावेत का?

माळरान
नमस्कार. परवा मुलीच्या शाळेत नववी-दहावीच्या पालकांची सभा झाली. शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की दिवाळीनंतर या दोन्ही इयत्तांचे शारीरिक शिक्षण, चित्रकला आणि स्काउट-गाइडचे तास गणित, विज्ञान आणि इंग्रजीला दिले जातील. खो-खोचा सराव बंद. हस्तलिखिताचं काम आठवीपर्यंतच्याच मुलांकडे. बहुतेक पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बोलले, तर "ताई, एकदा दहावी होऊ द्या, मग आयुष्यभर खेळायचंच आहे" असं उत्तर मिळालं आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. माझ्या मनातून मात्र ते जात नाही.

माझी लेक नववीत आहे. गणितात शंभरात पन्नास-पंचावन्न. सहावीपर्यंत ती वर्गात तोंड उघडत नव्हती. बाईंनी हजेरी घेतली तरी शेजारणीनं हिच्या वतीनं "हजर" म्हणायचं. सातवीत खेळाच्या सरांनी तिला खो-खोत घेतलं. ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना ठाऊक असेल, बसलेल्या गड्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून भागत नाही. हात लागताना मोठ्यानं "खो" म्हणावं लागतं, ऐकू आलं नाही तर पंच शिट्टी मारतात. पहिले पंधरा दिवस हिच्यामुळे सारख्या शिट्ट्या वाजायच्या. मैत्रिणी चिडायच्या, ही घरी येऊन रडायची. मग एका संध्याकाळी मी तिला न्यायला गेले, तर फाटकातून आत शिरताना तिचा आवाज ऐकला. आधी मला तो ओळखूच आला नाही. त्या वर्षीच्या दुसऱ्या सत्रात तिनं वर्गात उभं राहून कविता म्हटली.

आणि हे तास काही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत. नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, संरक्षणशास्त्र किंवा त्याऐवजी स्काउट-गाइड, एनसीसी, आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) हे श्रेणीचे विषय आहेत. ते वेळापत्रकात असतात, प्रगतिपत्रकावर त्यांची श्रेणी येते. तास झालाच नाही तर ती श्रेणी कशाच्या आधारावर देणार?

तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं सांगा. विरुद्ध मत असेल तरी चालेल.

सोनखत
ताई, मी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी. तुमच्या शाळेतला नाही, पण आमच्याकडेही हेच झालं आणि मला ते बरोबर वाटलं.

माझी दोन एकर कोरडवाहू. मुलगा दहावीत. गावातल्या क्लासवाल्यानं गणित-विज्ञानाचे वर्षाचे चौदा हजार सांगितले. सोयाबीनचा भाव बघता ते माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. शाळेनं रोजचा एक तास वाढवला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपल्या पोराचा विचार केला. ज्यांच्याकडे क्लासचे पैसे आहेत त्यांची मुलं खेळाच्या तासाला खुशाल खेळू शकतात, त्यांचं गणित संध्याकाळी होतंच. आमच्या पोराला जे काही मिळणार ते शाळेतच.

अकरावीची यादी दहावीच्या गुणांवर लागते. 2025 पासून तर सगळ्या राज्यात प्रवेश ऑनलाइन झाले. तिथे पोरगं खो-खो कसं खेळतं हे कुणी विचारत नाही.

कर्तव्यभूमिती
मी चित्रकलेचा शिक्षक, बावीस वर्षं झाली. सोनखत, तुमचं म्हणणं मनाला लागलं, पण एक गोष्ट सांगू द्या.

इंटरमिजिएट ड्रॉइंग या सरकारी चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. म्हणजे गुणांच्याच भाषेत बोलायचं तरी चित्रकलेचा तास अगदीच वाया जात नाही. पण मला स्वतःला हे गुण खुपतात. गुण सुरू झाल्यापासून वर्ग भरला हे खरं, पण मुलं वर्षभर एकच घडी घातलेला टॉवेल आणि तीच पितळी कळशी काढत बसतात, कारण स्थिरचित्राला असलंच काहीतरी येतं. श्रेणी मिळाली की रंगपेटी धाकट्या भावाला. मला शिकवायचं असतं ते वेगळंच. सावली काळी नसते, ती ज्या वस्तूवर पडते त्या वस्तूचा रंग तिच्यात असतो, एवढं जरी पोराच्या डोळ्याला दिसू लागलं तरी माझं वर्ष सार्थकी लागतं.

आता गणिताचं. याच परीक्षेत भूमितीचा पेपर असतो, कर्तव्यभूमिती आणि घनभूमिती. ज्या मुलानं माझ्याकडे शंकू आडवा ठेवून त्याचं वरून आणि बाजूनं दिसणारं चित्र काढलंय, त्याला दहावीच्या भूमितीतल्या रचना अवघड जात नाहीत. हे मी गणिताच्या सरांना कितीदा सांगितलंय.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ निदेशक द्यावेत असं आहे. नववीपासून तो कायदाच लागू नाही. आमच्यासारखे निवृत्त होतात आणि जागा तशीच राहते. मग तास रिकामा, आणि रिकामा तास गणिताकडे जाणारच. तुमच्या शाळेत नेमकं हेच झालंय का, ते बघा.

नऊ_मिनिटं
खेळाडू म्हणून दोन वाक्यं. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. मैदानावरून पोट भरत नाही असं सरसकट म्हणू नका.

सोनखत
नऊ_मिनिटं, ते दोघं मोठेच, अभिमान आहे. पण एका कर्णधारामागे किती पोरांचे गुडघे फुटले आणि हाती काहीच लागलं नाही, त्यांचं काय? पोराला मैदानावर सोडताना मी विश्वचषक डोळ्यांसमोर ठेवू शकत नाही.

माळरान
इथे मी सोनखत यांच्या बाजूची आहे. माझी मुलगी राज्याच्या संघात जाणार नाही, जिल्ह्याच्याही जाईल असं वाटत नाही. मी तिच्या आवाजाबद्दल बोलतेय. पदकं मिळवणाऱ्या पाच मुलांसाठी हा तास टिकवायला हवा असं म्हटलं, तर उरलेल्या पन्नास मुलांचा तास आपणच सोडून दिल्यासारखं होईल.

तिसरी_घंटा
मी गणित शिकवते, नववी-दहावीलाच. खेळाचे तास मागून घेणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून उत्तर देणं माझं काम आहे.

माझ्या नववीच्या वर्गात 61 मुलं. त्यांतल्या वीस-बावीस जणांना छेद वेगवेगळे असले की अपूर्णांकांची बेरीज येत नाही. मला बहुपदींकडे जायचंय आणि मी त्यांना लसावि शिकवतेय. दहावीची परीक्षा पूर्वी मार्चमध्ये असायची, 2025 पासून फेब्रुवारीत सुरू होते. सराव परीक्षा त्याच्या आधी. म्हणजे भाग डिसेंबरातच संपवावा लागतो. मधे मतदार यादीचं काम, निवडणूक, प्रशिक्षणं. माझा तास जातो तेव्हा तो मला कुणीही परत देत नाही. निकाल लागला की नापासांच्या नावापुढे विषय गणित असतो आणि संस्थेचे लोक माझ्याकडे बघतात.

माळरानताई, तुमच्या मुलीचं वाचून माझे डोळे भरून आले. पण ज्या मुलाला गणितात 35 मिळत नाहीत त्याचाही आवाज जातो. तो बाकावर मान खाली घालून बसतो, फळ्याकडे बघतही नाही. त्याच्यासाठी मी तास मागते.

एक_मत
यात वादाचं काय आहे ते मला कळत नाही. शाळेच्या वेळेत अभ्यास, आणि शाळा सुटल्यावर एक तास खेळ, चित्रकला, स्काउट. ज्यांना आवड आहे ते थांबतील. आमच्या पुण्यातल्या शाळेत असंच आहे, कुणाची तक्रार नाही.

निळी_गाडी
एक_मत दादा, तुमच्या शाळेत कुणाची तक्रार नसेल. आमची होती, पण आम्ही ती केली नाही, कारण आम्ही तोपर्यंत गाडीत बसलेलो असायचो.

मी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची वस्ती शाळेपासून नऊ किलोमीटर. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी असते ना, आठवी ते बारावीच्या मुलींना फुकट, तिनं जायचे. शाळा पाचला सुटायची, गाडी सव्वापाचला. ती चुकली की चालत, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर. दुसऱ्यांदा तसं आले तर घरचे शाळाच बंद करतील हे न सांगता कळायचं.

मी आठवीत असताना लेझीम आणि खो-खो दुपारच्या तासाला असायचं. नववीत गेलो आणि सरांनी सराव शाळा सुटल्यावर ठेवला. आमच्या संघात वाड्या-वस्त्यांवरच्या सात मुली होत्या. पहिल्याच आठवड्यात सातही कमी झाल्या. कुणी काढलं नाही, आम्हीच गेलो. सरांनी एकदा वर्गात विचारलं, "तुम्हाला आवड राहिली नाही का गं?" मी मान हलवली, कारण गाडीचं कारण सांगायची लाज वाटली. गावातली मुलं सायकलीवरून सहा वाजता घरी जायची, त्यांचं सगळं चालू राहिलं.

गाडीच्या खिडकीतून मैदान दिसायचं. चुन्याच्या रेषा आखायला सुरुवात झालेली असायची.

एक_मत
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे मुलं दहा मिनिटांत घरी पोचतात. शाळा सुटल्यावरचा तास सगळीकडे चालणार नाही, मान्य.

सोनखत
निळी_गाडी, माझी धाकटी आठवीत आहे, त्याच गाडीनं जाते. तू लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं.

तरी मी माझ्या मतावर आहे, फक्त थोडा फरक करतो. नववीचे तास काढू नयेत. दहावीचे दिवाळीपर्यंत ठेवावेत, नंतर अभ्यासाला द्यावेत. दहावीला शेवटचे तीन महिने तरी पोराला सगळं सोडून बसू द्या. त्या तीन महिन्यांवर आमचं बरंच काही अवलंबून असतं.

कर्तव्यभूमिती
दहावीचे शेवटचे तीन महिने मला पटतं. आमच्याकडेही जानेवारीत दहावीची मुलं चित्रकलेला नसतात आणि मी त्यांना ओढत नाही. पण नववी? नववीत बोर्ड नाही, यादी नाही. नववी गेली की दहावीला द्यायला काही उरतच नाही. तिसरी_घंटा, मॅडम, नववीचा तास तुम्ही सोडाल का?

तिसरी_घंटा
सर, खरं सांगते. नववीचा घेतलेला खेळाचा तास मी बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर वापरते. 61 मुलं आणि एकच पायरीचं गणित. ज्यांना येतं ते कंटाळतात, ज्यांना येत नाही ते तिथेच असतात. त्या वीस-बावीस जणांना वेगळं घेऊन बसले तर उपयोग होईल, सगळ्या वर्गाचा तास घेऊन होत नाही. हे मला माहीत आहे, पण वेगळं बसायला वेळ मिळत नाही म्हणून आहे तो तास धरून ठेवते.

शनिवारी शाळा अकराला सुटते. साडेअकरा ते साडेबारा त्या बावीस जणांना घेईन, एक पैसा न घेता. मग बुधवारचा तास खेळाला परत.

निळी_गाडी
मॅडम, शनिवारी निळी गाडी सव्वाअकराला निघते. त्या बावीस जणांत वस्तीवरच्या मुली असतीलच.

आमच्या वेळी एकदा शाळेनं आगारप्रमुखांना पत्र दिलं होतं, परीक्षेच्या आठवड्यापुरतं. गाडी तासभर उशिरा सोडली होती त्यांनी. पत्र शाळेच्या शिक्क्याचं लागतं, पालकांचं चालत नाही.

माळरान
माझ्या मुलीच्या शाळेतही वस्तीवरच्या मुली याच गाडीनं येतात. आज रात्री दोन अर्ज लिहितेय. एक पालक-शिक्षक संघाकडे, नववीचे तास तसेच ठेवावेत आणि दहावीचे दिवाळीनंतर वळवावेत असा. दहावीचं मला पूर्ण पटलेलं नाही, पण सोनखत यांच्या घरात बसून विचार केला तर त्यांना नाही म्हणवत नाही. दुसरा मसुदा आगारासाठी, शनिवारच्या गाडीचा. आमच्या गणिताच्या सरांनाही शनिवारचं विचारते. मुख्याध्यापकांचा शिक्का मिळाला की सोमवारी आगारात स्वतः नेऊन देते. आपल्या शाळेला लागत असेल त्यांनी सांगा, दोन्ही इथे टाकते.

सोनखत
आगाराचं पत्र मला लागेल. आमच्या शाळेचा मुलींचा आकडा उद्या घेऊन येतो.