स्टँडबाय तीन दिवस बंद होता, आता चालूच होऊन नाही राह्यला

हिंगण्याचा_भाऊ:
मंडळी, गांधीबागेतल्या गोडाऊनचं बिलिंग पोस्टग्रेस १४ डेटाबेसवर आहे, मेन सर्व्हर हिंगणा एमआयडीसीत अन् स्टँडबाय, म्हणजे मेनची चालती नक्कल, सीताबर्डीच्या ऑफिसात एका जुन्या मशीनवर. महिनाभर मस्त चाललं. शुक्रवारी लाइट गेली, इन्व्हर्टर बसला, ४५ डिग्रीत एसी नाही म्हणून साहेबांनी मशीनच बंद करून टाकली. सोमवारी चालू केली तर लॉगमध्ये एकच रडगाणं, पाहिजे तो वॉल सेगमेंट (बदलांच्या नोंदीची फाइल) आधीच काढून टाकला म्हणते. ६० जीबीचा पूर्ण डेटाबेस पुन्हा ओढा लागते का? नेटचा स्पीड सांगायची लाज वाटते.

तर्री_पोहे:
वॉल आर्काइव्ह (वॉल फायलींचा वेगळा साठा) नसंल तर हो, पहिल्यापासून. चेकपॉइंट (बदल डिस्कवर पक्के लिहिणं) झाला की प्राइमरी, म्हणजे मेन सर्व्हर, जुन्या १६ एमबीच्या फायली साफ करते, स्टँडबायनं वाचल्या का नाही हे पाहतच नाही, ते तिला कळावं म्हणून रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबाय कुठवर वाचून झाला त्याची खूण) लागते. पण ओढतो कशाले बे? हार्डडिस्क घेऊन हिंगण्याले जा, तिथंच पीजी-बेसबॅकअप (पूर्ण डेटाबेसची नक्कल काढणारी कमांड) मार, सोबत पर्याय कॅपिटल आर, कॅपिटल सी अन् कॅपिटल एस च्या पुढे स्लॉटचं नाव. डिस्क गाडीवर टाकून बर्डीले आण, तेवढ्या वेळाचं वॉल स्लॉट धरून ठेवते. आर दिला की स्टँडबाय डॉट सिग्नल फाइल आपोआप बनते, ती पाहून मशीन स्टँडबाय म्हणून उठते. नेटवरचे रिकव्हरी डॉट कॉन्फ या जुन्या सेटिंग फाइलवाले लेख पाहू नको, पोस्टग्रेस १२ पासून ती फाइल दिसली तर सर्व्हर उठतच नाही.

डोक्याले_ताप:
स्लॉट टाका पण लिमिट लावा भाऊ!! आमचा स्टँडबाय दिवाळीत मेला, कोणाच्या लक्षात नाही, प्राइमरी बिचारी त्याच्यासाठी वॉल जमवत बसली अन् डिस्क भरून मेन सर्व्हरच आडवा. मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइज (स्लॉटनं जास्तीत जास्त किती वॉल धरायचं ती सेटिंग) पोस्टग्रेस १३ पासून आहे, डिफॉल्ट मायनस १ म्हणजे लिमिटच नाही. डिस्क पाहून २०-३० जीबी टाका, सर्व्हर बंद न करता रीलोडवर लागू होते. लिमिट ओलांडली तर स्टँडबाय पुन्हा बनवा लागंल, पण दुकान तर चालू राहते.

संत्राबर्फी:
अन् या स्टँडबायले बॅकअप समजू नका. व्हेअर न लावता, म्हणजे कोणत्या ओळी ते न सांगता, डिलीट मारलं तर क्षणात तिकडंही डिलीट. रात्रीचा डंप (डेटाची वेगळी प्रत) घ्याच.

हिंगण्याचा_भाऊ:
झालं बाप्पा! डिस्क नेली, आणली, लिमिट २० जीबी लावली. तरी एक तास गेला, कारण बेसबॅकअप तिथंच मारल्यामुळं कनेक्शनमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हीच मशीन) लिहिलं गेलं होतं, स्टँडबाय स्वतःलेच प्राइमरी समजून शोधत होता. कनेक्शन लिहिलेल्या ऑटो डॉट कॉन्फ फाइलमध्ये होस्ट बदलला तवा कुठं प्राइमरीवर पीजी-स्टॅट-रेप्लिकेशनमध्ये (जोडलेल्या स्टँडबायची यादी) स्ट्रीमिंग दिसलं. आता साहेबांच्या मागं एसीसाठी लागलो.